पाण्यावरून तारीख

कणीक मळायची मोठी परात, तिच्यात गाळलेलं थंड पाणी आणि त्या पाण्यात एकमेकांना घट्ट चिकटलेल्या आठ-दहा फोटोंचा ठोकळा. बाबा शेजारी खुर्ची ओढून बसले होते. "अर्धा तास हात लावायचा नाही," ते म्हणाले. "आपसूक सुटतील."

२६ जुलै २००५ ला कल्याणच्या आमच्या तळमजल्यावरच्या घरात पाणी शिरलं तेव्हा फोटोंचा बिस्किटांचा डबा कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात होता. सांताक्रूझला त्या दिवशी ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हे सगळ्यांना पाठ आहे. आमच्याकडचा हिशेब भिंतीवरच्या ओलीचा होता, माझ्या कमरेपर्यंत आली होती. पाणी ओसरल्यावर डबा उघडला तर वरचे फोटो वाचले होते, मधले लाटेसारखे वाकडे झाले होते आणि तळाचे एकमेकांना चिकटून त्यांची वीट झाली होती. ती वीट आम्ही तशीच फडक्यात बांधून ठेवली. जोर लावून ओढली तर चित्र फाटणार, ही भीती. मग यंदा एका जुन्या फोटोग्राफर स्नेह्यांनी सांगितलं की कृष्णधवल फोटोवर जिलेटिनचा थर असतो, तो पाण्यात पुन्हा फुगतो आणि पकड सोडतो. कोरडे ओढायचे नाहीत, भिजवायचे.

अर्ध्या तासाने पहिला फोटो खरोखरच सुटला. कोपऱ्याला अंगठा लावला आणि तो पाण्यातच सरकला, पिकल्या केळ्याचं साल सरकावं तसा. मी तो जुन्या धोतराच्या तुकड्यावर चित्र वर करून ठेवला. सव्वादोन इंचांचा चौकोन. एका शिडाची लहान होडी, आत दोन माणसं, मागे मोठा गलबतांचा घोळका.

"भरती आहे," बाबा म्हणाले.

फोटो अजून निथळत होता. मी विचारलं, "कशावरून?"

"नांगरलेल्या होड्यांची तोंडं बघ की."

बाबा बॅलार्ड इस्टेटमधल्या एका जहाज कंपनीच्या एजंटकडे कारकून होते. आठवड्याचे सहा दिवस बिलं, माल उतरल्याच्या पावत्या, टायपिंग. रविवारी मात्र ते कुलाब्याच्या बाजूला एका अगदी लहान सेलिंग क्लबात वेळ घ्यायला जात. शर्यतीचा टाइमकीपर. १९६३ पासून १९९१ पर्यंत, म्हणजे अठ्ठावीस वर्षं, पावसाळा सोडून प्रत्येक रविवारी. मुंबई बंदरातला नावाजलेला क्लब म्हणजे अपोलो बंदरावरचा रॉयल बॉम्बे यॉट क्लब. १८४६ सालचा, १८७६ ला 'रॉयल' झालेला. स्वातंत्र्यापूर्वी तिथे हिंदी माणसाला सभासद होता येत नसे. त्यांच्या जुन्या इमारतीत पुढे अणुऊर्जा खात्याचं कार्यालय आलं आणि तिला 'ओल्ड यॉट क्लब' हेच नाव राहिलं. आमच्या क्लबाचा त्या थाटाशी काही संबंध नव्हता. मंगलोरी कौलांच्या तीन खोल्या, पाण्यात उतरणारा दगडी उतार, पत्र्याच्या शेडखाली ट्रॉल्यांवर ठेवलेल्या दहा-बारा होड्या, भिंतीवर विजेत्यांच्या नावांचा एक लाकडी फलक. आणि चहा, जो टंडेलमामा करत.

टंडेलमामा माझे कोणी नात्याचे नव्हते. कुलाब्याच्या कोळीवाड्यातले, क्लबाच्या होड्या पाण्यात उतरवणारे, वर घेणारे, फाटलं शीड शिवणारे. त्यांना नावाने हाक मारताना मी कोणालाच ऐकलं नाही. सभासदही त्यांना टंडेलच म्हणत आणि मोठमोठे डॉक्टर-वकील त्यांनी "आज नको" म्हटलं की होडी ट्रॉलीवरून खाली काढत नसत.

आता त्या नांगरलेल्या होड्यांबद्दल. बाबांनी मला हे सहा-सात वर्षांची असताना शिकवलं होतं आणि मी ते पार विसरले होते. एकाच दोरावर उभी असलेली होडी प्रवाहाकडे तोंड करून राहते, गाय पावसाकडे पाठ करते त्याच्या बरोबर उलट. मुंबई बंदराचं तोंड दक्षिणेला आहे. भरतीचं पाणी दक्षिणेकडून आत येतं आणि गोदीवरून पुढे ठाण्याच्या खाडीकडे चढतं, ओहोटीला तेच पाणी उलट वाहतं. अपोलो बंदरावर उभं राहून पाण्याकडे बघितलं तर डावीकडे गोदी, उजवीकडे कुलाब्याचा दांडा. म्हणजे किनाऱ्यावरून काढलेल्या फोटोत होड्यांची नाळ, म्हणजे पुढचं टोक, उजवीकडे असेल तर भरती, डावीकडे असेल तर ओहोटी. आणि तोंडं दहा दिशांना असतील तर पाणी थांबलेलं, जो वारा असेल त्याच्या मर्जीवर होड्या.

त्या दुपारी आम्ही नऊ फोटो सोडवले. पुढच्या दोन रविवारी आणखी सतरा. वरचे वाचलेले मिळून त्रेसष्ट झाले. एकाच्याही मागे तारीख नाही, नाव नाही. बाबा असे नव्हते. आमच्या घरात दूधवाल्याच्या खाड्यांचीसुद्धा वही असे. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "अगं, सगळं रजिस्टरात होतं. कोण सुटलं, कोण कितव्या मिनिटाला कुठला बोया वळलं, वारा कुठला, सगळं. फोटो लोकांना वाटायला काढायचो. उरले ते डब्यात." क्लबाची ती रजिस्टरं वाळवीने खाल्ली. वाटलेले फोटो ज्यांच्या घरी गेले त्यांच्याकडे असतील-नसतील. उरलं ते डब्यातलं, म्हणजे जे कोणी मागितलं नाही ते.

कॅमेरा आगफा क्लिक थ्री. एका रोलमध्ये बारा फोटो, सूर्य आणि ढग अशा दोन खुणा, एवढाच कारभार. मोठे प्रिंट काढायला पैसे पडत म्हणून बाबा निगेटिव्हच्याच आकाराचे चौकोन काढून आणत. एवढ्याशा चौकोनात माणसांचे चेहरे ज्वारीच्या दाण्याएवढे येतात. मला आधी त्याचं वाईट वाटायचं. आता भिंग घेऊन बसल्यावर कळतं की चेहरे लहान आले म्हणूनच भोवतालचं बंदर एवढं आलं आहे. आणि तारखा त्या बंदरातच आहेत.

पाण्यावरून किनाऱ्याकडे बघत काढलेल्या फोटोंचं काम सोपं. गेटवे उजव्या हाताला, ताजचा घुमट डावीकडे. मधे उंच टॉवर असेल तर फोटो १९७३ नंतरचा, कारण टॉवर त्या वर्षी सुरू झाला. तिथे पूर्वी ग्रीन्स हॉटेल होतं, ते पाडून टॉवर उभारला. एका फोटोत घुमटाच्या शेजारी नुसता सांगाडा आहे, बांबूंच्या परांचीत उभा केल्यासारखा. हा फोटो तीन होड्यांचा म्हणून काढला असणार, पण त्या तिन्ही काठाला कापल्या गेल्यात आणि अर्धवट टॉवर मात्र बरोबर मध्यभागी आला आहे. बाबांनी तो बघून लगेच सांगितलं, "बाहत्तरची थंडी असेल. डॉक्टरीणबाईंनी तेव्हा नुकतंच सुकाणू हातात घेतलं होतं." कापल्या गेलेल्या पहिल्या होडीत एका बाईच्या साडीचा काष्टा दिसतो. डॉक्टरीणबाई नऊवारी नेसून शर्यतीत उतरत. मला ते आठवतं. नऊवारीच्या काष्ट्याइतका होडीत वावरायला सोयीचा पोशाख दुसरा नाही, असं त्या म्हणत, आणि त्या चौथ्या-पाचव्या येत असल्या तरी जोरदार वाऱ्यात उलटलेल्या मला कधी आठवत नाहीत.

गोदीकडे तोंड करून काढलेल्या फोटोंत विक्रांत आहे. ही विमानवाहू नौका १९६१ च्या नोव्हेंबरात मुंबईला आली आणि १९९७ च्या जानेवारीत निवृत्त झाली, म्हणजे बाबांची सगळी अठ्ठावीस वर्षं तिच्या साक्षीने गेली. तिच्यावरूनही वय ओळखता येतं. आधी तिचं डेक टोकापर्यंत सपाट होतं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तिच्या नाळेवर विमानं झेपावण्यासाठी चढ बसवला, तेव्हापासून तिची बाजूची आकृती बदलली. डब्यात चढ असलेली विक्रांत एकाच फोटोत आहे. बाकी सगळ्यांत सपाट. २०१४ पासून तिला तोडायला घेतलं. बाबा ती बातमी वाचून त्या दिवशी जेवले नव्हते, असं आई सांगायची.

तिसरी खूण शिडांची, आणि ती मला सगळ्यात जवळची वाटते. सगळ्यात जुन्या फोटोंत क्लबाच्या होड्यांमागे मालवाहू मचवे आणि पडाव आहेत, तिरक्या परबाणाला, म्हणजे शिडाच्या काठीला, बांधलेली प्रचंड शिडं, ठिगळाठिगळांची. क्लबाचं पांढरं स्वच्छ शीड त्यांच्यापुढे हातरुमालासारखं दिसतं. हळूहळू ती शिडं कमी होत जातात. सत्तरीच्या मधल्या फोटोंत एखाद-दुसरं, तेही लांब, उरणच्या अंगाला. पुढे नाहीतच, सगळीकडे इंजिनं. कोणी ठरवून हा बदल टिपलेला नाही. बाबा शर्यतीत पुढे असलेल्या होडीकडे कॅमेरा धरत राहिले आणि तिच्या मागून शेकडो वर्षांची शिडांची वाहतूक एकेक करत निघून गेली.

क्लबाच्या बहुतेक होड्या एंटरप्राइज जातीच्या होत्या. जॅक होल्ट नावाच्या इंग्रज आरेखकाने १९५६ साली काढलेली, प्लायवूडची, सव्वातेरा फुटांची, दोन माणसांची होडी. तिची शिडं निळी असतात, हीच तिची ओळख. फोटोंत ती राखाडी आली आहेत. मी हे लिहिताना डोळे मिटले की मला निळी दिसतात. पाण्याच्या निळ्याशी अजिबात न जुळणारी, शाळेच्या पाटीवरच्या पेन्सिलीसारखी फिकी निळी. दुपारी एकच्या सुमाराला खारा वारा सुटला की ती सगळी एका झटक्यात भरत आणि त्यांचा फडफडाट बंद होई. सकाळभर मतलई वाऱ्याने सुस्त डुलणाऱ्या होड्या तेव्हा अचानक कामाला लागत. आमच्या त्या बाजूला खारा वारा शहरावरून येतो, म्हणून इमारतींच्या फटींतून तो तुटक तुटक खाली उतरायचा. टंडेलमामा ताजच्या घुमटावरचे पक्षी बघून सांगत, "येतंय वारं." मला पक्षी दिसायचे, वारं दिसायचं नाही.

मी सात वर्षांची झाल्यापासून बाबांबरोबर पंचांच्या बोटीवर असायची. माझ्याकडे दुसरं घड्याळ. दहा मिनिटं आधी पहिला बार, पाच मिनिटं आधी दुसरा, दुसऱ्याबरोबर निळा आणि मधे पांढरा चौकोन असलेला बावटा. मग सुटण्याचा बार. बाबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "धुराकडे बघायचं, आवाजाकडे नाही." आवाज एका सेकंदात साधारण ३४० मीटर जातो. लांबच्या होडीला बार ऐकू येईपर्यंत जवळची निम्मा होडीभर पुढे गेलेली असते. धूर आणि बावटा मात्र सगळ्यांना एकाच क्षणी दिसतो. शर्यतीचा नियमही तेच सांगतो, खूण डोळ्यांनी दिसेल ती खरी. मी बटणावर अंगठा ठेवून नळीच्या टोकाकडे बघत बसायची, श्वास धरून. आजही कुठे फटाका वाजला तर मी आधी धूर शोधते.

१९८२ च्या आशियाई खेळांमधल्या शिडांच्या शर्यती मुंबईला झाल्या. दिल्लीत समुद्र नाही. त्या पंधरवड्यात बाबांनी साठवलेली सगळी रजा काढली आणि बोये, म्हणजे होड्यांनी वळायच्या तरंगत्या खुणा, नेऊन टाकणाऱ्या एका बोटीवर मदतीला गेले. डब्यात त्याचे तीन फोटो आहेत. त्यातला एक फायरबॉल जातीच्या होडीचा. लांबट, चपटी होडी, आणि तिचा एक माणूस तारेला लटकून पूर्ण बाहेर, पाठ पाण्याला जवळजवळ टेकलेली. फारोख तारापोर आणि झरीर करांजिया यांनी त्याच जातीत सुवर्णपदक मिळवलं. फोटोतली होडी त्यांचीच, असं बाबा म्हणत नाहीत. शिडावरचा आकडा वाचता येत नाही, म्हणून ते "त्या वेळची एक फायरबॉल" एवढंच लिहायला सांगतात. दुसरा कोणी असता तर बिनदिक्कत त्यांचीच म्हणाला असता. बाबांचा हा काटेकोरपणा मला लहानपणी जाचायचा. आता वाटतं, अठ्ठावीस वर्षं त्यांच्या घड्याळावर कोणी वाद घातला नाही तो ह्यामुळेच.

एक फोटो मात्र आम्हाला दोन रविवार पुरला.

दगडी उतार, पाणी पार वरच्या पायरीपर्यंत. त्या क्लबात पाणी एवढं वर क्वचितच येई. ओहोटीला तर उताराखाली चिखलच असे आणि म्हणून शर्यतीची वेळ माणसांच्या सोयीने नाही, पाण्याच्या सोयीने ठरे. फोटोत टंडेलमामा उभे, एका हाताने होडीची दोरी धरलेली, दुसऱ्या हातात काहीतरी काळं, चौकोनी. त्यांच्या पायाशी आखूड सावली, गोदीच्या दिशेला पडलेली. क्षितिज तिरकं. मागे ताजचा टॉवर आहे, म्हणजे १९७३ नंतरचा. यापुढे मला काही सांगता येईना.

बाबांनी भिंग लावून सावली बघितली. "बारा-एकचा सुमार." मग पाणी बघितलं. "आणि पूर्ण भरती. उधाणाची."

इथे एक हिशेब सांगते, जो कोकणपट्टीतल्या प्रत्येक कोळ्याला येतो. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याचे पाऊण करायचे. जे येतील तेवढे वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अष्टमीच्या आसपास पाणी भांगाचं, म्हणजे कमी चढणारं. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी नि मध्यरात्री बाराच्या आसपास आणि तीच उधाणाची, शिवाय उधाण खरं चढतं ते एक-दोन दिवसांनी. मिनिटामिनिटाला हे बरोबर येत नाही, त्याला बंदराचा भरती-ओहोटीचा तक्ता लागतो. पण होडी काढायची की नाही, एवढं ठरवायला पुरतं. बाबा गिरगावात वाढलेले, त्यांना हे टंडेलमामांनी शिकवलं. त्याबदल्यात बाबांनी मामांना घड्याळाच्या सेकंदकाट्यावरून होडीचा वेग काढायला शिकवलं.

तर फोटोतला रविवार पौर्णिमा-अमावास्येचा किंवा त्याला लागून. असे रविवार दर वर्षी बरेच येतात. मी हार मानली होती. बाबा मामांच्या हातातल्या काळ्या चौकोनाकडे बघत राहिले. मग पुढच्या रविवारी मी आत पाऊल टाकते न टाकते तोच म्हणाले, "अगं, ती एक्स-रेची फिल्म आहे. ग्रहणाची."

१६ फेब्रुवारी १९८०, शनिवार. खग्रास सूर्यग्रहण. खग्रासचा पट्टा कारवार-हुबळीवरून गेला होता, मुंबईत सूर्य पूर्ण झाकला गेला नाही, तरी दुपारी रस्ते ओस पडले होते. आमच्या चाळीत पाण्याच्या हंड्यांवर तुळशीपत्रं, आणि दारं बंद. डॉक्टरीणबाईंनी जुन्या एक्स-रे फिल्मचे तुकडे कापून क्लबातल्या सगळ्यांना वाटले होते. फिल्मने डोळ्यांचं पुरेसं रक्षण होत नाही हे आज सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा सगळेच तसं बघत. मामांनी आपला तुकडा जपून ठेवला होता आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी, तो क्लबात सगळ्यांना दाखवत होते. सूर्य अमुक एवढा खाल्ला होता, असं अंगठ्याने दाखवत.

सूर्यग्रहण अमावास्येलाच होतं. दुसऱ्या दिवशी प्रतिपदा. एकाचे पाऊण. पूर्ण भरती पाऊण वाजता, उधाणाची. आखूड सावली, उत्तरेला. सगळं जागेवर बसलं.

"आणि मी तेव्हा पंचांच्या बोटीवर होतो, बोये टाकायला," बाबा म्हणाले. "किनाऱ्यावर कॅमेरा तुझ्याकडे होता."

मला तो क्षण आठवत नाही. एक्स-रेचा तुकडा आठवतो, त्यावर कोणाच्या तरी बरगड्या होत्या. तिरक्या क्षितिजाचा तो फोटो मी काढला असेन, नऊ वर्षांची असताना, तर मामा माझ्याचसाठी तो तुकडा उंच धरून उभे आहेत. मामा १९८८ च्या पावसाळ्यात गेले. त्यांचा दुसरा फोटो डब्यात नाही. बाकी कित्येक फोटोंत त्यांचा हात आहे, दोरी धरलेला, कडेला. हा एकच समोरून. भिंगातून बघितलं की हसताना दिसतात, समोरचा एक दात नाही.

आता मी प्रत्येक फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने लिहिते, दाब न देता. बॉलपेन पुढे उमटतं म्हणून नको, हेही त्या फोटोग्राफर स्नेह्यांनीच सांगितलं. बाबा सांगतात तेवढंच लिहायचं. "१७ फेब्रुवारी १९८०, रविवार, दुपारी पाऊणच्या सुमारास, उधाणाची भरती. टंडेल." मग त्यांनी मला मामांचं पूर्ण नाव सांगितलं, मी पहिल्यांदाच ऐकलं, आणि तेही लिहिलं.

विटेच्या अगदी तळाशी जो फोटो निघाला त्यात काहीच नाही. होडी नाही, किनारा नाही, जहाज नाही. रोलमधला शेवटचा उरलेला फोटो असावा, कॅमेरा रिकामा करायला दाबलेला. चौकोनभर नुसतं पाणी. बाबांनी तो खिडकीशी नेला. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, उजेडात त्यांना चांगलं दिसतं. बराच वेळ बघितलं. डाव्या कोपऱ्यात पाणी गुळगुळीत आहे, उजवीकडे बारीक सुरकुत्या, आणि त्यांच्यामधली रेघ भिंगाशिवायही दिसते.

"वारा नुकता सुटतोय," ते म्हणाले. "हा इथपर्यंत पोचलाय, इकडे अजून यायचाय. एक वाजला असेल."

"साल?"

त्यांनी मान हलवली. "पाणी कुठल्याही सालचं असू शकतं. तू वाऱ्याचं लिही."

मी लिहिलं, खारा वारा, दुपारी एक. फोटो धोतराच्या तुकड्यावर चित्र वर करून वाळायला ठेवला आणि परातीतलं पाणी तुळशीला घातलं.